डेंकालीचा पत्ता

सत्तरच्या दशकात इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेल्या मराठी माणसाला डेंकाली कुठे आहे ते विचारा. तो अडखळणार नाही. घनदाट जंगल, बांदार जमातीचे बुटके तिरंदाज, कवटीची गुहा आणि त्या गुहेत राहणारा वेताळ, एवढं तो एका दमात सांगेल. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या पिंपळगाव बसवंतपासून पार चांद्यापर्यंत, एसटी स्टँडवर जिथे म्हणून पुस्तकांचा स्टॉल होता तिथल्या पोरांना हा देश ठाऊक होता. अमेरिकेतल्या वाचकासमोर मात्र हे नाव काढलं तर तो नुसता बघत राहील. कारण वेताळाचा, म्हणजे मूळच्या ‘फँटम’चा, जनक ली फॉक याने डेंकाली नावाचा देश कधी लिहिलाच नाही. तो देश मुंबईत, बोरीबंदरसमोरच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीत, संपादकाच्या टेबलावर जन्माला आला.

फॉकच्या मूळ चित्रमालिकेत या देशाचं नाव आधी ‘बेंगाली’ होतं, पुढे ते ‘बंगाला’ झालं. वेताळाच्या पिढीजात वैऱ्यांचं, म्हणजे समुद्री चाच्यांच्या टोळीचं नाव होतं ‘सिंग ब्रदरहुड’. विसाव्या वेताळाचा खून करणाऱ्याचं नाव होतं रामा. मार्च १९६४ मध्ये टाइम्सने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं तेव्हा ही नावं भारतात जशीच्या तशी छापणं शक्यच नव्हतं. चाचे सगळे सिंग, खुनी रामा आणि जंगली मुलुखाचं नाव बेंगाली! अमृतसरपासून कोलकात्यापर्यंत कुणाकुणाची समजूत घालत बसणार? म्हणून देशाचं डेंकाली झालं, सिंगचं सिंगा आणि रामाचं रामालू. एका अक्षराने, फार तर दोन अक्षरांनी काम भागलं. चित्रांना हात लावावा लागला नाही, फुग्यांतली अक्षरं तेवढी बदलली आणि वेताळाचा चारशे वर्षांचा इतिहास भारतापुरता नव्याने लिहून झाला.

आधी छापून गेलेल्या गोष्टीचा भूतकाळ मागाहून बदलायचा आणि तो पहिल्यापासून तसाच होता असं वाचकाला सांगायचं, या उद्योगाला कॉमिक्सच्या दुनियेत ‘रेटकॉन’ म्हणतात. ‘रेट्रोअॅक्टिव्ह कंटिन्युइटी’चं ते लघुरूप. हा शब्दप्रयोग कॉमिक्सवाल्यांच्या तोंडी बसला तो १९८३ मध्ये, लेखक रॉय थॉमस यांच्या ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’ या मालिकेच्या वाचकपत्रांतून. उद्योग मात्र त्याहून पुष्कळ जुना. या प्रकरणात आपण वेताळालाच हाताशी धरणार आहोत. तो आपला ओळखीचा आहे म्हणून, आणि त्याच्याइतक्या वेळा भूतकाळ बदलूनही इतकं कमी पकडलं गेलेलं पात्र मला दुसरं माहीत नाही म्हणूनही.

वेताळ पहिल्यांदा छापला गेला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, अमेरिकी वर्तमानपत्रांत, रोज एक पट्टी या हिशेबाने. फॉकच्या खात्यावर तेव्हा जादूगार मँड्रेक जमा होता, १९३४ पासून. चित्रकार होता रे मूर. पहिल्याच कथेत डायना पामर समुद्रावर चाच्यांच्या तावडीत सापडते आणि एक बुरखाधारी येऊन तिला सोडवतो. हा बुरखाधारी कोण? फॉकच्या मनातलं उत्तर होतं जिमी वेल्स. डायनाच्या मागे लागलेला न्यूयॉर्कचा हा श्रीमंत, आळशी तरुण दिवसा क्लबात लोळणार आणि रात्री मुखवटा चढवून गुंडांना बुकलणार होता. वाचकाला तशा खुणाही दिलेल्या होत्या. पण कथा अर्ध्यावर आली आणि फॉकचा विचार फिरला. नायक जंगलात गेला. त्याच्यामागे वीस पिढ्यांची वंशावळ उभी राहिली, कवटीची गुहा आली, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर घेतलेली शपथ आली. जिमी वेल्स बिचारा खराच आळशी निघाला आणि यथावकाश कथेतून गळून पडला.

म्हणजे वेताळाचा पहिला रेटकॉन त्याच्या पहिल्याच कथेत झाला. वर्तमानपत्रात पट्टी आज छापली की उद्या रद्दीत जाते. चार महिन्यांपूर्वी दाखवलेली खूण लेखक विसरला काय आणि त्याने मोडली काय, जाब विचारायला वाचकाच्या हातात जुना कागद नसतो. त्या काळच्या लेखकाला हा फार मोठा दिलासा होता.

वंशावळीची तारीखही अशीच सरकली. पहिला वेताळ समुद्रातून वाहत किनाऱ्याला लागला त्याचं साल सुरुवातीला १५२५ असं यायचं. पुढे ते १५३६ ठरलं आणि तिथेच पक्कं झालं. तारीख १७ फेब्रुवारी. मालिका सुरू झाल्याचा दिवस चारशे वर्षं मागे नेऊन फॉकने तो घराण्याचा स्थापनादिन करून टाकला. वर्तमानपत्रातला आपला मुहूर्तच त्याने नायकाच्या जन्मकथेत ओवला. मला ही कारागिरी फार आवडते, कारण पहिलं दर्शन आणि मागाहून रचलेला भूतकाळ हे दोन्ही धागे तिथे एकाच गाठीत आले आहेत.

रंगाची गोष्ट आणखी मजेची. रोजची पट्टी काळी-पांढरी असे, त्यामुळे वेताळाचे कपडे कोणत्या रंगाचे हा प्रश्नच आला नव्हता. फॉकच्या डोळ्यांसमोर ते राखाडी होते. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली आणि छापखान्यातून वेताळ बाहेर पडला तो जांभळा होऊन. फॉक त्यानंतरही काही काळ मजकुरात राखाडीच लिहीत राहिला. चित्रात जांभळा, मजकुरात राखाडी! शेवटी त्याने हात टेकले आणि पहिल्या वेताळाने जंगलातल्या फळांच्या रसात कापड रंगवलं, असं कथेत घालून टाकलं. छापखान्याच्या चुकीला चारशे वर्षांची परंपरा मिळाली. स्कँडिनेव्हियात तो निळा छापला गेला, इटलीत लाल, आणि तिथल्या वाचकांना तेच रंग खरे वाटतात.

देशाचंही तेच. सुरुवातीच्या कथांत बेंगाली आशियात आहे. आसपासची माणसं, नावं, पोशाख सगळं पूर्वेकडचं. साठच्या दशकापर्यंत तोच देश आफ्रिकेत जाऊन बसलेला दिसतो. पुढे तिथे लोकशाही आली, डॉ. लुआगा नावाचे राष्ट्राध्यक्ष आले. एवढा मोठा मुलूख एका खंडातून उचलून दुसऱ्या खंडात ठेवला तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

हे खपलं कसं? याचं गुपित वेताळाच्या प्रत्येक कथेच्या सुरुवातीला उघडंच पडलेलं असायचं. उशिरा आलेल्या वाचकांसाठी म्हणून तिथे तीन-चार चौकटी असत. फुटलेलं गलबत, किनाऱ्यावर पडलेला एकटा तरुण, कवटीवर ठेवलेला हात, आणि बापामागून मुलगा असा चालत आलेला वारसा. लहानपणी आपण त्या चौकटी भराभर ओलांडून पुढे जायचो. खरं काम तिथेच व्हायचं. पूर्वकथा दर वेळी नव्याने सांगायची असली की दर वेळी तिच्यात बारीक फेरफार करता येतो. साल बदलता येतं, देश सरकवता येतो, एखादा नकोसा जिमी वगळता येतो. नव्या वाचकासाठी तीच मूळ कथा ठरते आणि जुना वाचक आपलीच आठवण दगा देतेय असं समजतो. आपले कीर्तनकार आख्यानात जे करतात त्याची मला इथे आठवण होते, पण कीर्तनकाराला निदान समोर बसलेल्या म्हाताऱ्यांचा धाक असतो.

अमेरिकेतल्या महानायकांच्या कॉमिक्सना हा आडपडदा फार दिवस पुरला नाही, कारण ती मासिकं होती आणि पोरं ती जपून ठेवत. सुपरमॅनचं पहिलं दर्शन जून १९३८ची तारीख असलेल्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातलं. त्यात सुपरमॅन उडत नाही, उड्या मारतो. एका उडीत फार तर एक अष्टमांश मैल. उडणं मागाहून आलं आणि असं रुळलं की पहिल्या अंकातला उड्या मारणारा सुपरमॅनच तोतया वाटावा. बॅटमॅन आला मे १९३९ मध्ये, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात. गल्लीत आईबापांचा खून आणि मेणबत्तीसमोर पोराची शपथ, हे ज्याच्यावाचून बॅटमॅन सांगताच येत नाही ते त्या अंकात नाही. ते आलं ३३व्या अंकात, नोव्हेंबरमध्ये. सहा महिने हा माणूस कारणाशिवाय गुंडांना मारत हिंडत होता!

पुढे घोळ वाढत गेला तसे लेखक धीट होत गेले. १९४० साली फ्लॅश नावाचा एक वेगवान नायक आला होता, जे गॅरिक. तो बंद पडला. १९५६ साली त्याच नावाचा दुसरा फ्लॅश आला, बॅरी अॅलन, आणि हा बॅरी कथेत जे गॅरिकची जुनी कॉमिक्स वाचताना दाखवला. इथवर ठीक होतं. पण सप्टेंबर १९६१च्या १२३व्या अंकात दोघांची समोरासमोर गाठ पडली. मग जे हा कागदावरचा की खरा? लेखक गार्डनर फॉक्सने तोड काढली ती अशी : पृथ्व्या दोन आहेत, जे दुसऱ्या पृथ्वीवर खराखुरा आहे, आणि गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाला झोपेत त्या पृथ्वीवरचं दिसत असल्यामुळे तो त्याच्या कथा लिहीत असे. लेखकाने स्वतःलाच कथेत ओढून आपल्या जुन्या लिखाणाचा जामीन करून टाकलं. पृथ्व्या मग दोनावर थांबल्या नाहीत. त्या इतक्या झाल्या की १९८५-८६ मध्ये डीसी कंपनीला बारा अंकांची एक मालिका काढून त्या सगळ्या एकत्र गुंडाळाव्या लागल्या.

इंद्रजालचा पहिला अंक निघाला त्याच मार्च १९६४ची तारीख असलेला मार्व्हलच्या ‘अॅव्हेंजर्स’चा चौथा अंक आहे. त्यात कॅप्टन अमेरिका बर्फात गोठलेला सापडतो. दुसरं महायुद्ध संपता संपता समुद्रात पडला आणि तेव्हापासून तसाच होता म्हणे. कथा झकास. अडचण एकच. १९५३-५४ मध्ये हाच कॅप्टन अमेरिका कम्युनिस्टांना झोडपतानाच्या गोष्टी त्याच घराण्याच्या कंपनीने छापून विकल्या होत्या. बर्फात गोठलेला माणूस कम्युनिस्टांना झोडपत होता कसा? आठ वर्षं कुणी बोललं नाही. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने ‘कॅप्टन अमेरिका’च्या १५३ ते १५६ या अंकांत उत्तर दिलं : पन्नासच्या दशकातला तो कॅप्टन दुसराच कुणी होता, खऱ्याचा वेष घेतलेला माथेफिरू. जुनी एक गोष्टही खोटी न ठरवता तिचा अर्थ उलटा करून टाकला. रेटकॉन करावा तर असा. नाहीतर मेलेलं पात्र ‘ते मेलंच नव्हतं’ म्हणून उठवणारे पैशाला पासरी आहेत.

पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. डॉगरिजचा खुंट आधी लावायचा, त्याने जमीन धरली की वर थॉमसनचं कलम भरायचं. वर्ष-दोन वर्षांनी बाग बघणाऱ्याला थॉमसनचीच बाग दिसते, पण पाणी कमी पडलं, जमिनीत क्षार वाढले की झुंजतं ते खालचं रानटी मूळ. एंगलहार्टने खुंट राखला म्हणून त्याचं कलम जगलं. खुंट उपटून वर नुसती फांदी रोवणारे लेखक पुढच्याच हंगामात उघडे पडले.

आता पहिल्या दर्शनाकडे वळू, कारण पैसा तिकडे आहे. भूतकाळ कितीदाही बदला, पात्र पहिल्यांदा ज्या कागदावर छापलं गेलं तो कागद बदलता येत नाही. म्हणून संग्राहक त्याच्यामागे लागतात. ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक मुळात १० सेंटना विकला गेला, २०२४ साली त्याची एक प्रत लिलावात ६० लाख डॉलरना गेली. एवढी रक्कम आली की पहिलं दर्शन म्हणजे काय यावर कीस पाडणंही आलंच. वुल्व्हरीन पहिल्यांदा दिसतो ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८०व्या अंकाच्या अगदी शेवटच्या चौकटीत, ऑक्टोबर १९७४. पूर्ण कथेत येतो तो १८१व्या अंकात. तारखेने पाहिलं तर मान १८०चा. बाजाराने मात्र १८१ला डोक्यावर घेतलंय. शेवटच्या चौकटीत नुसतं तोंड दाखवून गेला, तर आला असं म्हणायचं का?

आपल्याकडे असल्या वादाला अमर चित्रकथेइतकं चांगलं उदाहरण नाही. अनंत पै टाइम्समध्ये इंद्रजालच्या कामात होते, तिथून बाहेर पडून त्यांनी इंडिया बुक हाउसतर्फे अमर चित्रकथा उभी केली. तिचा पहिला अंक कोणता? सगळे सांगतात, ‘कृष्ण’. त्या अंकावर क्रमांक आहे ११. आधीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते. ते मागे पडले, विसरले गेले, आणि अकरावा अंक सर्वांच्या बोलण्यात पहिला होऊन बसला. हा रेटकॉन कुणी एकाने केला नाही. वाचकांनीच केला.

पुण्यात नेमकं याच्या उलट काम चालू होतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, वि. स. सुखटणकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पुरं झालं. देशभरातली हजारावर हस्तलिखितं ताडून, मागाहून घुसलेला मजकूर वेगळा काढायचा असा तो खटाटोप. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपण प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली कथा त्यात मुख्य संहितेत नाही. ती प्रक्षिप्त ठरून परिशिष्टात गेली. म्हणजे लेखनिक गणपती हा महाभारतातला रेटकॉन. तो प्रक्षिप्त आहे हे कळूनही कुणी गणपतीच्या हातातली लेखणी काढून घेतली नाही, हे बरंच झालं.

वेताळाच्या मराठी वाचकाची गोष्ट या सगळ्यांपेक्षा निराळी आहे. कॅप्टन अमेरिकेच्या वाचकाने आधी मूळ पाहिलं, मग दुरुस्ती. आपल्याला दुरुस्ती आधी मिळाली. इंद्रजालचा पहिला अंक ‘फँटम्स बेल्ट’ या कथेचा होता आणि ही १९३६ची कथा नव्हेच. बापाच्या खुन्याने पळवलेल्या कंबरपट्ट्याची ती गोष्ट फॉकने पुष्कळ वर्षांनी लिहिलेली. म्हणजे भारतीय वाचकाला वेताळ भेटला तोच मुळी जुळवून, घडी घालून ठेवलेल्या भूतकाळासकट. जांभळा, जंगलातला, एकविसावा. त्याआधी चाळीसच्या दशकापासून ‘इलस्ट्रेटेड वीकली’त तो इंग्रजीतून येत असे, पण ते साप्ताहिक वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यातलं, तालुक्याच्या गावातल्या पोराच्या हाती ते पडायचं नाही. त्या पोराला वेताळ मराठीत, डेंकालीसह आणि सिंगांसह, एकदमच मिळाला.

हातात अंक घेऊन पाहिलं तर आणखी एक थर दिसतो. मूळ पट्टी आडवी. इंद्रजालचं पान उभं. त्यामुळे चौकटी कापून, सरकवून, कधी वगळून पानात बसवलेल्या असत. एखाद्या चौकटीत वेताळाचा घोडा अर्धाच दिसतो आणि फुगा काठाला टेकलेला असतो तो यामुळे. मुखपृष्ठ मात्र अस्सल मुंबईचं, बी. गोविंद यांनी रंगवलेलं, आणि माझ्या मते आतल्या चित्रांच्या कितीतरी पटींनी देखणं. गोविंद यांचा वेताळ अंगाने भरदार आणि मुद्रेने जरा आपल्यातला वाटतो. अनेकांच्या डोळ्यांपुढे वेताळ म्हणून जो उभा राहतो तो रे मूरचा नव्हे, गोविंद यांचा आहे.

याच गोविंद ब्राह्मणियांनी डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालचा स्वतःचा नायक चितारला, आबिद सुरतींनी लिहिलेला ‘बहादूर’. भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला. आणि पोराला वाढवणारा तोच पोलीस अधिकारी. सुरतींनी हा भूतकाळ पहिल्याच कथेत बिनदिक्कत मांडून टाकला, पुढच्यासाठी हातचं राखून ठेवलं नाही. पुढे लेखन जगजित उप्पल यांच्याकडे गेलं, बहादूर शहरी होत गेला, कुर्ताही मागे पडला, पण बाप दरोडेखोरच राहिला. त्याच्या पहिल्या दर्शनाबद्दल वाद घालायला जागाच नाही. वेताळाचा वाचक मूळ पट्ट्यांपर्यंत पोचला की ‘सिंग’ वाचून दचकतो. बहादूरच्या वाचकावर ती वेळ येत नाही.

इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते. सुरुवातीला महिन्याला एक, मग पंधरवड्याला, आणि १९८१ पासून आठवड्याला. आता कुणाच्या माळ्यावर ते सापडतात ते बहुधा दहा-दहा, बारा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधलेले. भाड्याने पुस्तकं देणारे टिकावीत म्हणून तसे बांधत, आणि बांधताना मुखपृष्ठं काढून टाकत. क्रमांक, तारीख, किंमत सगळं त्या मुखपृष्ठावर. त्यामुळे कथा हातात असते, पण ती कोणत्या अंकातली हे त्या गठ्ठ्यावरून लगेच सांगता येत नाही. शिवाय गाजलेल्या कथा पुन्हा छापल्या जात आणि शेवटच्या काही वर्षांत सलग क्रमांकांऐवजी खंड आणि अंक अशी पद्धत आली होती. मग आतल्या पानांवरच्या जाहिराती बघायच्या. पोस्टाच्या तिकिटांची योजना, गोळ्यांच्या पाकिटाची किंमत, पुढच्या अंकाची घोषणा, यांवरून वर्ष तरी पकडता येतं. असा गठ्ठा मिळालाच तर तो उसवू नये. कागद इतका पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो की दोरा ओढला तर चौकटींसकट कोपरे हातात येतात.